वरून लावायचं ते कुठे पोटात जातं?

मैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते. या प्रकरणात चूक माझीच होती.

मागच्या वर्षी नागपंचमीला माहेरी गेले होते, निफाड तालुक्यात. पंचमीला जमिनीला हात लावायचा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी वहिनीनं द्राक्षबागेच्या बांधावरचं गाजरगवत उपटायला घेतलं, तेही नुसत्या हातांनी. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं आणि मग सगळीकडे फोफावलं. कित्येकांच्या अंगाला ते सोसत नाही. संध्याकाळपर्यंत वहिनीचे हात, मान, पापण्या लालबुंद झाल्या. खाजवून खाजवून कातडी सोलवटली.

माझ्या बॅगेत खाजेचं गुलाबी लोशन असतंच. ते मी दोन्ही हातांना, मानेला चांगलं चोपडलं, दिवसातून चारदा. मेडिकलमधून खाजेची गोळी आणली. रात्री तिला शिंका सुरू झाल्या, तर घरातली सर्दीची गोळीही दिली. मनात म्हटलं, लोशन काय, वरूनच तर लावायचं!

सकाळी वहिनी उठेचना. तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे धूसर, लघवीलाही अडतंय म्हणाली. आई म्हणाली, दमली असेल, झोपू द्या. दुपारी ती ओट्याच्या पायरीवरून घसरली तेव्हा मात्र दादानं गाडी काढली आणि आम्ही नाशिक गाठलं.

डॉक्टरांनी आधी तिला तपासलं, मग दिलेलं सगळं टेबलावर मांडायला लावलं. लोशनमध्ये डायफेनहायड्रामिन, खाजेच्या गोळीत हायड्रॉक्सिझिन, सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन. नावं तीन, पण कूळ एकच. तिन्ही अ‍ॅलर्जीची, गुंगी आणणारी जुनी औषधं. सोललेल्या कातडीतून लोशनमधलं औषधही रक्तात उतरतं, त्यात वरून दोन गोळ्या! कांजिण्यांच्या फोडांवर असं लोशन अंगभर लावून पोटातूनही तेच औषध दिल्यामुळे लहान मुलं भ्रमिष्टासारखी बरळू लागल्याच्या नोंदी आहेत, असं त्यांनी सांगितलं. मी मान खाली घालून ऐकत होते.

मग काही लावायचंच नाही का, असं मी विचारलं. तसं नाही, म्हणाले. साधं कॅलामाइन किंवा खोबरेल वरून लावा, आणि पोटात अ‍ॅलर्जीची एकच गोळी, तीही विचारून. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर ती नकोच. आणि ती घेऊन स्कूटी चालवायची नाही. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, तर मलमं शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

शेजारच्या काकूंनी दिलेली एक ट्यूबही पिशवीत होती. ती स्टिरॉइडची निघाली! अशी मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी घराघरांत फिरतातच. पापण्यांची कातडी नाजूक, ती यानं आणखी पातळ होते. कुणी दम्यासाठी आधीच स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. ती ट्यूब त्यांनी समोरच केराच्या डब्यात टाकली. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

वहिनी दोन दिवसांत ताळ्यावर आली. आता गवत फुलायच्या आत, हातमोजे आणि दादाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून उपटते. मी मात्र बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायला सासऱ्यांचं भिंग मागून घेतलंय. ते रोज विचारतात, माझं पंचांग वाचायचं भिंग कुठे गेलं?