गुरूच्या जागी शिष्या

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात. अमेरिकेत प्रकार उलटा आहे. तेथे नुसते 'हॉकी' म्हटले तर लोक बर्फावरचा खेळ समजतात. आणि आपण ज्यास हॉकी म्हणतो तो मैदानी खेळ बहुतांशी मुलींचा मानला जातो. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तर तो केवळ मुलींसाठीच आहे. अशा त्या देशात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींनी चॅपेल हिल या गावी जे यश मिळविले, त्याची हकीकत वाचकांस सांगावी असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते. खेळापेक्षाही गुरुशिष्यसंबंधाचा प्रश्न त्या हकीकतीत आहे, हे त्याचे मुख्य कारण.

प्रथम थोडा पूर्ववृत्तान्त. कॉन्स्टन्स ॲपलबी नावाच्या एक इंग्रज व्यायामशिक्षिका १९०१ साली हार्वर्ड येथील उन्हाळी वर्गास गेल्या असता त्यांनी हा खेळ तेथील मंडळींस करून दाखविला. पुढे त्या एका स्त्री-महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊन तो शिकवीत राहिल्या आणि पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर कॉलेजात स्थिरावल्या. तेथून त्या प्रांतात हॉकी घरोघर झाली. बाईंस १०७ वर्षांचे आयुष्य लाभले. १९८१ च्या जानेवारीत त्या वारल्या. योगायोग असा की, त्याच वर्षी महाविद्यालयीन मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा राष्ट्रीय क्रीडासंघाने भरविली, आणि त्याच वर्षी कॅरेन शेल्टन नावाची २३ वर्षांची तरुणी चॅपेल हिल येथे हॉकीची शिक्षिका म्हणून रुजू झाली.

दोहोंच्या मध्ये एक कायदा आहे. सरकारी द्रव्यसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करू नये, असे १९७२ च्या त्या कायद्यातील एका कलमाचे तात्पर्य. मूळ कलमात खेळाचा शब्दही नाही. परंतु सूत्र लहान आणि भाष्य मोठे, हा अनुभव केवळ आपल्या शास्त्रांतच येतो असे नव्हे. त्या भाष्यातूनच मुलींस मैदाने मिळाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि पगारी शिक्षक मिळाले.

शेल्टनबाई स्वतः पेनसिल्व्हेनियात हॉकी शिकलेल्या. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी निवडलेल्या अमेरिकन संघात त्या होत्या. पण त्यांच्या सरकारने बहिष्कार घातल्यामुळे संघ घरीच बसला. (स्त्रियांची हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथम आली ती याच वर्षी, आणि तीत आपल्या भारतीय मुली चौथ्या आल्या होत्या, हे येथे नमूद करावयास हवे.) चार वर्षांनी लॉस एंजेलिस येथे मात्र मोठी मौज झाली. अमेरिकन मुलींचे सामने संपले होते आणि त्या प्रेक्षकांत बसून ऑस्ट्रेलिया आणि हॉलंड यांचा सामना पाहत होत्या. ऑस्ट्रेलिया हरली आणि तिसऱ्या जागेसाठी ती व अमेरिका गुणांत व गोलांत अगदी बरोबरीस आल्या. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या त्या मुलींस खाली बोलावून दोन्ही संघांकडून पेनल्टी स्ट्रोक मारविण्यात आले. अमेरिकेने कांस्यपदक जिंकले. शेल्टनबाई त्यांत होत्या. बेथ अँडर्स याही होत्या. आणि याच अँडर्सबाई पुढे ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या शिक्षिका म्हणून शेल्टनबाईंस वर्षानुवर्षे हरवीत राहिल्या.

कारण यश लवकर आले नाही. नोकरीस लागल्यापासून पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळण्यास ८ वर्षे लागली. ते १९८९ साली मिळाले. नंतर १९९० आणि १९९१ चे अंतिम सामने ओल्ड डोमिनियनने घेतले, १९९३ चा मेरीलँडने, १९९४ चा जेम्स मॅडिसनने. पाच वर्षांत चार वेळा अंतिम फेरीपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतणे म्हणजे काय, हे ज्यांनी शेवटच्या गुणासाठी वर्ग गमावलेली मुले पाहिली आहेत त्यांस सांगावयास नको. पुढे १९९५, १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे आली. २००७ आणि २००९ सालीही आली. आणि पुन्हा २०१०, २०११, २०१२, २०१५ व २०१६ अशा पाच अंतिम सामन्यांत हार! शेल्टनबाईंची एकूण अजिंक्यपदे १०. वृत्तपत्रे तेवढीच मोजतात. आम्ही हिशेब केला तेव्हा त्यांचे हरलेले अंतिम सामने जिंकलेल्यांपेक्षा कमी भरले नाहीत, आणि आमचा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला तो या दुसऱ्या आकड्याने.

२०१८ साली एरिन मॅट्सन ही मुलगी संघात आली. तीही पेनसिल्व्हेनियाचीच. २०१८ आणि २०१९ या दोन्ही हंगामांत संघ एकही सामना हरला नाही. २०२० चा हंगाम महामारीमुळे पुढे ढकलला जाऊन अंतिम सामना २०२१ च्या मे महिन्यात झाला. तोही त्यांनीच जिंकला. त्याच वर्षीच्या पुढील हंगामात मात्र पहिल्याच फेरीत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने त्यांस घरी धाडले. महामारीमुळे खेळाडूंस एक वर्ष अधिक मिळाले होते, त्याचा लाभ घेऊन कु. मॅट्सन पाचव्या वर्षी राहिली. २०२२ च्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा नॉर्थवेस्टर्न. बरोबरी असता, वेळ संपावयास जेमतेम सव्वा मिनिट उरले तेव्हा तिने गोल केला. संघ वर्षभर अजिंक्य राहिला आणि थोड्याच दिवसांत, ४२ हंगामांनंतर, शेल्टनबाईंनी निवृत्ती जाहीर केली.

त्यांच्या जागी कोण? २०२३ च्या जानेवारीअखेर विद्यापीठाने कु. मॅट्सनचीच नेमणूक केली. वय २२!

आम्ही त्या निवडमंडळावर असतो तर विरोध केला असता, हे प्रांजळपणे सांगतो. गुरूने शिष्याच्या हातून पराभव इच्छावा असे आपल्याकडे मानतात. परंतु येथे गुरूचा प्रश्न नव्हताच, प्रश्न सहाध्यायिनींचा होता. काल जिला 'अगं' म्हणून हाक मारली, तिला आज 'बाई' कसे म्हणावयाचे? आणि काल जिच्या शेजारी बसून डबा खाल्ला, तिला आज संघातून वगळावयाचे कसे? आमच्या पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत वर्गातला मॉनिटरसुद्धा आम्ही मित्रांच्या टोळीतून नेमला नाही. शिक्षकास थोडे अंतर लागते आणि ते वयाने आपोआप मिळते, अशी आमची समजूत होती. शेल्टनबाईही २३ व्या वर्षीच आल्या होत्या, हा मुद्दा कोणी पुढे केला असता तर त्या परक्या संघात आल्या होत्या, असे उत्तर आम्ही दिले असते. ते उत्तर अजूनही आम्हांस चुकीचे वाटत नाही. एका वर्षाच्या निकालाने शिक्षकाची पारख होत नाही.

तथापि निकाल सांगितलाच पाहिजे. २०२३ चा हंगाम निष्कलंक नव्हता. संघ मध्ये हरलाही. पण नोव्हेंबरात तो अंतिम फेरीत पोचला आणि प्रतिपक्षी तिसऱ्यांदा नॉर्थवेस्टर्नच होते. सामना चॅपेल हिलच्याच मैदानावर झाला. त्या मैदानास शेल्टनबाईंचे नाव त्यांच्या नोकरीतच देण्यात आले होते. एक-एक अशी बरोबरी झाली, जादा वेळ दोनदा दिला तरी ती सुटली नाही. मग एकेका खेळाडूने चेंडू घेऊन एकटीने गोलरक्षिकेवर चालून जावयाचे ठरले, आणि त्यात नॉर्थ कॅरोलायनाच्या मुली जिंकल्या. आदल्या वर्षी मॅट्सनकडे चेंडू ढकलणाऱ्या कित्येक जणी त्या दिवशी संघात होत्या. मॅट्सनबाई (आता आम्हांसही असेच म्हटले पाहिजे) रेषेबाहेर उभ्या होत्या आणि त्यांच्या हाती काठी नव्हती.