नायट्रो ड्रिफ्ट कार: ऐकीव माहिती आणि खरे इंजिन

रिमोटवर धावणारी, धूर सोडत आडवी घसरत वळण घेणारी नायट्रो कार व्हिडिओत पाहिली की अनेकांना ती लगेच हवीशी वाटते. हौस चांगलीच आहे. पण या गाडीबद्दल तोंडोतोंडी फिरणारी बरीच माहिती चुकीची असते, आणि तिची किंमत जाम झालेल्या इंजिनात, कधी भाजलेल्या बोटांत मोजावी लागते.

सगळ्यात पक्का गैरसमज इंधनाचा. ‘इंजिन आहे म्हणजे पेट्रोल लागणार.’ नाही. या गाडीत पेट्रोल कधीही घालायचे नसते. तिच्या इंधनात मुख्य भाग मिथेनॉलचा असतो. त्यात गाड्यांसाठी साधारण १६ ते ३० टक्के नायट्रोमिथेन घालतात आणि उरलेले असते वंगणाचे तेल, एरंडेल किंवा सिंथेटिक. दुसरीकडे, चित्रपटात बटण दाबताच गाडीला उसळी देणारा वायू म्हणजेच हे नायट्रो, असेही अनेकांना वाटते. तो नायट्रस ऑक्साइड. त्याचा इथे काही संबंध नाही.

नायट्रोमिथेन हे द्रव आहे आणि त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो. किलोमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमीच मिळते. पण सिलिंडरमध्ये मावणाऱ्या तेवढ्याच हवेत ते कितीतरी जास्त जाळता येते, आणि ताकद तिथून येते. २.५ किंवा ३ सीसीचे बोटभर इंजिन मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे घेऊ शकते.

मग ‘नायट्रो जितके जास्त तितके चांगले’ हे तरी खरे का? तेही नाही. टक्केवारी वाढवली की इंजिनाच्या हेडखालची शिम, प्लगचा प्रकार, नीडलची (इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईची) सेटिंग हे सगळे बदलावे लागते. इंजिनाच्या माहितीपत्रकात सांगितलेलेच इंधन घ्यावे.

या इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हे अनेकांना उघडून पाहिल्यावरच पटते. त्याजागी ग्लो प्लग असतो: टोकाशी प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे. सुरू करताना ग्लो इग्नायटर लावून ही तार लालभडक करायची आणि पुल-स्टार्टची दोरी ओढायची. इंजिनाने सूर धरला की इग्नायटर काढून घ्यायचा. तार तरीही विझत नाही, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून होणारी रासायनिक क्रिया आणि दाबलेल्या वायूची उष्णता तिला धगधगत ठेवते. पेट्रोलवर हे इंजिन चालत नाही, त्याचेही कारण हेच.

‘खोक्यातून काढली, टाकी भरली, पळवली’ असे करणाऱ्याचे इंजिन हमखास बिघडते. बहुतेक इंजिनांची स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन वर जाऊन घट्ट अडकतो, आणि तापल्यावरच त्या दोघांचे माप जुळते. म्हणून पहिल्या काही टाक्या इंधनाचे मिश्रण रिच (इंधन जास्त, हवा कमी) ठेवून, थ्रॉटल हलका देत, मधूनमधून इंजिन थांबवत जाळायच्या. बंद केल्यावर फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवायचा. सुरू करण्याआधी हेअर ड्रायरने हेड कोमट करून घेतले तर आणखी उत्तम.

पुढचा सगळा खेळ ट्यूनिंगचा. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरसारखे इथेही वंगण इंधनातूनच जाते, त्यामुळे मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) झाले की तेलही कमी पडते. लीन इंजिन काही क्षण फार सुंदर पळते, आणि नवखा तिथेच फसतो. पूर्ण थ्रॉटलला निळसर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. हेडवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो चर्रकन उडून गेला तर इंजिन फार तापले आहे, तीन-चार सेकंद उकळत राहिला तर ठीक. तापमापी असेल तर १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या मध्ये आकडा हवा.

धुराचा विषय निघालाच आहे, तर ड्रिफ्ट करताना दिसणारा धूर टायरचा नसतो. मोठ्या गाड्यांत रबर जळते; या छोट्या गाडीच्या मागे दिसतो तो एक्झॉस्टमधून निघणारा तेलाचा धूर. कारण ड्रिफ्टसाठी तिला कडक प्लास्टिकचे टायर लावतात. सुरुवातीच्या काळात हौशी लोक चक्क प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे कापून चाकांवर चढवत. गाडी घसरते ती मुख्यतः पकड काढून घेतल्यामुळे. इंजिन मोठे बसवल्याने नव्हे. मागचा डिफरन्शियल लॉक करतात, म्हणजे दोन्ही मागची चाके एकदम सुटतात. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढे वन-वे (एकाच दिशेने जोर देणारा) डिफरन्शियल बसवला तर ब्रेकचा जोर फक्त मागे लागतो आणि शेपूट बाहेर फेकली जाते. त्यानंतर उलट दिशेला स्टिअरिंग धरून तो कोन सांभाळणे हे चालवणाऱ्याचे काम.

इथेच नायट्रोची खरी अडचण सुरू होते, आणि दुकानदार ती क्वचितच सांगतात. नायट्रो गाडीत सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इंजिनाचे फेरे ठराविक मर्यादेपलीकडे गेले की तो एकदम पकडतो. ड्रिफ्टला मात्र थ्रॉटलचा केसभर फरकही चाकापर्यंत पोचायला हवा. इलेक्ट्रिक मोटर तो पोचवते, नायट्रो अडखळते. त्यात टाकी रिकामी होत जाते तसे गाडीचे वजन बदलते. जपानमध्ये रुजलेल्या आरसी (रिमोट कंट्रोल) ड्रिफ्टच्या स्पर्धा आज जवळपास सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या आहेत, मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि जायरो लावलेल्या. वेगातही चांगली ब्रशलेस मोटर नायट्रोला सहज मागे टाकते. नायट्रोचे फायदे वेगळे: आवाज, वास, स्वतःच्या हाताने ट्यून केलेल्या इंजिनाचे समाधान, आणि टाकी भरली की पुन्हा लगेच धावणे.

‘नायट्रोला बॅटरीची कटकट नाही’ हेही चूक. रिसीव्हर आणि सर्व्हो बॅटरीवरच चालतात. ती मध्येच उतरली आणि थ्रॉटल उघडा राहिला, तर तापलेले इंजिन घेऊन गाडी सुसाट सुटते. म्हणून फेलसेफ (सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरू लागली की ब्रेक लावणारी सोय) नीट लावून, गाडीची चाके जमिनीपासून वर धरून रिमोट बंद करून पाहावे. सर्व्हो ब्रेकवर यायला हवा. ही चाचणी प्रत्येक वेळी करा. रस्त्यावर किंवा लोकांच्या गर्दीत ही गाडी कधीच चालवू नये.

आणि हे खेळणे एकट्या मुलांच्या हाती देऊ नये. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली; त्या दारूत होते ते या इंधनातले हेच मिथेनॉल. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरते. उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू करू नका. इंधन हातमोजे घालून, मोकळ्यावर भरा आणि विमानाच्या सामानात कधीही नेऊ नका.

मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे कोकणच्या पावसाळ्यात सैल झाकणाचा डबा लवकर खराब होतो. गाडी चालवून झाल्यावर टाकी रिकामी करावी, इंजिनात उरलेले इंधन ते चालवून संपवावे आणि इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब सोडावेत. नाहीतर बेअरिंगला गंज चढतो.

ड्रिफ्ट शिकायचे असेल तर इलेक्ट्रिक गाडी घ्या. नायट्रो घ्या ती इंजिनाची खरी आवड असेल तरच, आणि गाडीबरोबर त्याच दिवशी हातमोजे, तापमापी आणि आफ्टर-रन ऑइलही घ्या.