शिंपल्यांचं गणित

श्रीवर्धनच्या वाळूत चार वर्षांचं पोर शिंपले वेचतं. मोठे एकीकडे, बारके दुसरीकडे. आपण म्हणतो, खेळतंय. पण तिथे गणित सुरू झालेलं असतं. लहान-मोठं, यातलं-त्यातलं हे हाताला कळल्याशिवाय 'पाच' म्हणजे नुसता पाठ केलेला आवाज! आणि मेंदूचा झपाटा तरी केवढा! आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत त्यात सेकंदाला १० लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात. आपण पहिलीत नाव घालतो, तोवर तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के आकाराचा झालेला असतो.

असल्या शिंपल्यांना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बालवाडीत मान दिला. माँटेसरीबाईंची घोटीव लाकडी साधनं खेड्याला कुठली परवडायला? १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीच्या किनाऱ्यावर काम उभारलं, अनुताई वाघ सोबत आल्या. शंख, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरासाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, ती अंगणवाडीच्याच रूपात.

आज त्या अंगणवाडीच्या ताईला पोरांची वजनं घ्यायची असतात, गरोदर बायकांच्या घरी जायचं असतं, आहार वाटायचा असतो, फोनवर पोषण ट्रॅकर भरायचा असतो. एवढं करून हातात पगार नव्हे, मानधन. पण मेंदूतल्या त्या जोडण्या पक्क्या होतात त्या मुलाला मोठ्या माणसाने बोलून, हसून प्रतिसाद दिल्याने. वजनाची नोंद ॲपमध्ये होते. पण 'हा शिंपला वाकडा का?' याला ताईने दिलेलं उत्तर कुठल्या रकान्यात भरायचं?

त्यात हा श्रीवर्धनचा किनारा. कोरोनाने अंगणवाड्या बंद होत्याच, त्यात ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ इथेच धडकलं. घरांची छपरं उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या.

वादळ येऊन गेलं. मला मात्र मुलांच्या अंगणात बालवाडी नेण्याच्या ताराबाईंच्या युक्तीची खरी कसोटी दिसते ती इथल्या कातकरवाड्यांत. पावसाळा सरला की रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात. पोरं अर्थात बरोबर. अंगणवाडी वाडीतच राहते, अंगण गावोगाव हिंडतं. ठाणे जिल्ह्यात 'विधायक संसद' या संस्थेने भट्टीवरच, मजुरांच्या भोंग्यांशेजारी, म्हणजे झोपड्यांशेजारी, मोठ्या मुलांसाठी भोंगाशाळा भरवल्या होत्या. तीन वर्षांच्या पोराला तर विटांच्या ढिगातही लहान-मोठं निवडता येतं. त्याच्याशी बोलणारी ताई तिथवर पोचायला हवी.