गोळी, ऊन आणि कातडी

पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबलं की त्यातून चालत गेलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावी, असं महापालिका सांगते. लेप्टोस्पायरोसिस टळावा म्हणून. हीच गोळी मुरुमांसाठी कित्येक तरुण मुलंमुली आठवडेच्या आठवडे घेतात. एखाद्या डोसाने सहसा काही होत नाही, पण रोज घेणाऱ्यांपैकी काहींचं नाक, गाल आणि हातांची मागची बाजू थोड्याशा उन्हानेही लालबुंद होते, भाजल्यासारखी आग होते. एकट्या गोळीने हे केलेलं नसतं, एकट्या उन्हानेही नाही. दोघांची गाठ कातडीत पडते, तेव्हाच हे घडतं.

पोटातून रक्तात गेलेलं औषध कातडीपर्यंतही पोहोचतं. डॉक्सिसायक्लिनच्या रेणूत एकमेकांना जोडलेली चार कडी असतात आणि ही रचना प्रकाश शोषते. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ‘ए’ गटातले, म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण हा रेणू टिपतो, क्षणभर उत्तेजित होतो आणि जादा ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतो. ज्यावर आपण जगतो तोच ऑक्सिजन मग पेशींच्या आवरणांवर तुटून पडतो.

हे किरण ढगांतून येतात, खिडकीच्या साध्या काचेतूनही येतात. त्यामुळे गाडीत खिडकीशी बसणाऱ्याचा एकाच बाजूचा हात लाल झालेला दिसू शकतो. हनुवटीखालची, कानामागची, घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी मात्र जशीच्या तशी राहते. डॉक्टरांना निदानाची दिशा या रेषांवरूनच मिळते. नखही प्रकाश आत सोडतं. म्हणून कधी कातडीवर काहीच नसताना नख टोकाकडून सुटायला लागतं आणि त्याचा गोळीशी संबंध असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन थोडं संरक्षण देतं, पण दाह ओसरल्यावर उरणारे काळे डाग सावळ्या कातडीवरच अधिक रेंगाळतात. गोळी लिहून देताना पूर्ण बाह्या, टोपी आणि ‘ए’ किरण अडवणारं सनस्क्रीन यांची आठवण करून द्यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांत असणारं हायड्रोक्लोरोथायाझाइडही उन्हाशी गाठ पडली की असंच वागू शकतं.

अमिओडॅरोनची गोष्ट अधिक विलक्षण आहे. हृदयाचे अनियमित ठोके ताळ्यावर आणणाऱ्या या औषधाच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन असतं. ते चरबीत मुरतं, शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्या थोड्या जणांचा चेहरा, विशेषतः नाक आणि कान, निळसर-राखाडी होतो. उन्हाला उघड्या असलेल्या जागीच हा रंग चढतो आणि औषध बंद केल्यावरही तो उतरायला महिने, कधी वर्षं लागतात. अर्थात रंग दिसला म्हणून ही गोळी परस्पर थांबवायची नाही. ती हृदय सांभाळत असते.

आता दुसरी बाजू. ऊन आणि औषध यांची हीच जोडी माणसाने मुद्दाम वापरलीही आहे. बावचीच्या बिया आयुर्वेदात श्वित्रावर, म्हणजे कोडावर, फार पूर्वीपासून दिल्या जातात. त्यांत सोरालेन असतं. नाईलकाठच्या एका रानटी वनस्पतीतही याच कुळातली द्रव्यं आहेत आणि १९४० च्या दशकात कैरोत अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी त्यांतलं एक कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. सोरालेनचा चपटा रेणू डीएनएच्या पायऱ्यांमध्ये सरकून बसतो. अंधारात तो तिथे निमूट असतो. ‘ए’ किरण पडले की दोन्ही धागे एकमेकांना बांधून टाकतो. सोरायसिसमध्ये बेसुमार वाढणाऱ्या पेशी त्यामुळे थांबतात, म्हणून १९७४ पासून गोळी आणि दिव्यांचे किरण असा जोड-उपचार रूढ होत गेला. औषध डोळ्यांतही उतरतं, म्हणून गोळी घेतल्यावर रुग्णाने दिवसभर खास गॉगल लावायचा असतो, खिडकीपाशी बसतानाही.

पुढे तर कातडीचीही गरज उरली नाही. कातडीत उतरणाऱ्या एका रक्तकर्करोगात रुग्णाचं रक्त बाहेर काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांत सोरालेनच्या कुळातलं औषध मिसळून त्यांच्यावर ‘ए’ किरण सोडतात आणि त्या पुन्हा शरीरात घालतात. अमेरिकेत या उपचाराला १९८८ मध्ये मान्यता मिळाली.