मानसिक आरोग्य व्यावसायिकांचे निरंतर शिक्षण : उपस्थितीचे तास आणि कौशल्याचा प्रश्न

प्रास्ताविक

सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, तसेच शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या व त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. या आकड्यांसमोर न्यायालयाचा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु समुपदेशक नेमल्यानंतरचा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. पदवी मिळवून दहा-पंधरा वर्षे झालेला हा व्यावसायिक आज त्याच्या खोलीत नेमके काय करतो, आणि ते त्याला कोण शिकवते? प्रस्तुत लेखात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांच्या निरंतर शिक्षणाचा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

ज्ञानाचे आयुष्य

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल डुबिन यांनी १९७२ मध्ये व्यावसायिक ज्ञानाच्या अर्धायुष्याची कल्पना मांडली. किरणोत्सर्गी द्रव्याप्रमाणे पदवीकाळात मिळालेले ज्ञानही क्षीण होत जाते, आणि मानसशास्त्रातील पदवीच्या बाबतीत साधारण दहा ते बारा वर्षांत त्यातील निम्मे कालबाह्य होते, असा त्यांचा अंदाज होता. या अंदाजाच्या काटेकोरपणाविषयी मतभेद होऊ शकतात. त्यातील तथ्य मात्र भारतातील गेल्या काही वर्षांच्या घडामोडींवरून पटण्यासारखे आहे.

मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ शिकून बाहेर पडलेल्या पिढीला मानसिक आरोग्य देखभाल अधिनियम, २०१७ नव्याने शिकावा लागला. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या या कायद्याने रुग्णाला उपचारांबाबतचा पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचा व नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला, आणि भूल व स्नायुशिथिलक औषधे न देता विद्युत-आघात उपचार करण्यास मनाई केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, असे त्याचे कलम ११५ सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ सारखी सर्वसाधारण तरतूदच उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिने लिंगभाव-विसंगती मनोविकारांच्या प्रकरणातून वगळली आणि प्रदीर्घ शोकविकार व जटिल आघातोत्तर तणाव या नव्या नोंदी केल्या. समलैंगिकता बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. वीस वर्षांपूर्वीच्या टिपणांवर विसंबून काम करणारा व्यावसायिक या प्रत्येक ठिकाणी चुकू शकतो, आणि त्याच्या चुकीची किंमत समोर बसलेली व्यक्ती मोजते.

अशा स्वरूपाची माहिती व्याख्यानातून देता येते. कायद्याचे कलम किंवा वर्गीकरणातील बदल समजावून सांगण्यास एक चांगला वक्ता आणि दोन तास पुरेसे असतात. खरी अडचण यानंतर सुरू होते.

तासांची मोजणी

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनी डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा नमूद केली. महाराष्ट्रात वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी या शिक्षणाचे गुण मोजले जातात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते व तिच्या नूतनीकरणासाठीही निरंतर पुनर्वास शिक्षणाचे ठरावीक गुण जमवावे लागतात. समुपदेशकांची स्थिती याहून निराळी आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने वर्तन-आरोग्याशी संबंधित व्यवसाय आपल्या कक्षेत घेईपर्यंत त्यांच्यासाठी देशपातळीवर स्वतंत्र वैधानिक चौकटच नव्हती. शाळा-महाविद्यालयांतून काम करणारे बहुसंख्य लोक नेमके याच गटातील आहेत.

गुणांची ही पद्धती प्राध्यापकवर्गाला अपरिचित नाही. उद्बोधन व उजळणी वर्गांची प्रमाणपत्रे फाईलला लावताना तिचा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. अशी पद्धती निरर्थक आहे असे नव्हे. ती नसती तर अनेकांनी सभागृहाची पायरीही चढली नसती. मात्र तिच्यात उपस्थितीची नोंद होते, आणि त्या उपस्थितीमुळे रुग्णासमोरील वर्तनात काय बदल झाला याची नोंद करणारा रकाना त्या प्रमाणपत्रावर नसतो.

अनुभव शिकवतो काय?

प्रशिक्षणाने नाही तरी अनुभवाने माणूस शिकतोच, असा एक सार्वत्रिक समज आहे. मानसोपचाराच्या क्षेत्रात तो पुराव्याच्या कसोटीवर फारसा टिकत नाही. सायमन गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७० उपचारकांनी पाहिलेल्या ६,५९१ रुग्णांच्या प्रगतीची अनेक वर्षांची नोंद तपासली. उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण उपचारकाच्या अनुभवाबरोबर घटले. परंतु रुग्णांच्या सुधारणेचे प्रमाण वाढण्याऐवजी सरासरीने किंचित घसरले. ही घसरण अगदी अल्प होती, आणि काही उपचारक काळाबरोबर सुधारलेही. तरीही केवळ वर्षे गेल्याने कौशल्य वाढते, या समजाला त्यातून आधार मिळत नाही.

याचे कारण अनाकलनीय नाही. शल्यविशारदाला टाका उसवलेला दिसतो. समुपदेशकाकडे पुन्हा न येणारी व्यक्ती बरी झाली म्हणून आली नाही की निराश होऊन गेली, हे त्याला कळत नाही. आणि न कळल्यामुळे तो आपल्याला सोयीचा अर्थ लावतो. स्टीव्हन वॉलफिश व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२९ व्यावसायिकांना स्वतःच्या कौशल्याची इतरांशी तुलना करण्यास सांगितले असता एकानेही स्वतःला सरासरीपेक्षा खाली ठेवले नाही.

कार्यशाळेचा परिणाम याच आत्मविश्वासामुळे फसवा ठरतो. प्रेरणात्मक मुलाखत या पद्धतीचे एक जनक विल्यम मिलर यांनी कॅथलीन माउंट यांच्यासमवेत २००१ मध्ये एक छोटा, पण बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यशाळा केलेल्या २२ जणांच्या प्रत्यक्ष संभाषणाचे नमुने त्यांनी आधी, लगेच नंतर व चार महिन्यांनी तपासले. प्रशिक्षणार्थींच्या स्वतःच्या मते त्यांना पद्धती चांगली अवगत झाली होती. ध्वनिमुद्रणात मात्र बदल माफक आढळला आणि त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांच्या प्रतिसादात फरक दिसला नाही. मिलर यांनीच २००४ मध्ये १४० व्यावसायिकांवर केलेला मोठा प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. कार्यशाळेनंतर ज्यांची संभाषणे ऐकून त्यांना अभिप्राय दिला गेला किंवा दूरध्वनीवरून वैयक्तिक मार्गदर्शन मिळाले, त्यांचे कौशल्य टिकले; केवळ कार्यशाळा केलेल्यांचे ओसरले. अभिप्राय व मार्गदर्शन दोन्ही मिळालेल्या गटातच समोरच्या व्यक्तींच्या बोलण्यातही अपेक्षित फरक पडला.

ऐकले म्हणजे काय ऐकले

ध्वनिमुद्रण ऐकून नेमके काय हाती लागते, हे एका कल्पित प्रसंगावरून स्पष्ट करता येईल. महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात आलेला विद्यार्थी म्हणतो, “सर, अभ्यासात मन लागत नाही. कशासाठी शिकायचं तेच कळत नाही.” समुपदेशक तत्काळ उत्तरतो, “असं नकारात्मक बोलायचं नाही. आई-वडिलांनी किती खस्ता खाल्ल्या ते आठव. तुझं टाइमटेबल बघू बरं.” हे उत्तर सद्हेतूने दिलेले आहे आणि मराठी घरांत वडीलधारी माणसे असेच बोलतात. परंतु त्यामुळे विद्यार्थ्याच्या बोलण्यातील दुसरे वाक्य हरवले. त्याऐवजी, “अभ्यासच नाही, एकूण कशातच अर्थ उरला नाही असं वाटू लागलंय का?” असे म्हणून समुपदेशक थांबला असता, तर कदाचित पुढचे वाक्य आले असते, आणि मग “जीव द्यावा असा विचार कधी मनात येतो का?” हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारता आला असता. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती व्यापक असली तरी संशोधनाने तिला दुजोरा दिलेला नाही.

हाच समुपदेशक ‘सक्रिय श्रवण’ या विषयावरील कार्यशाळेत लेखी परीक्षेला बसला, तर त्याची सर्व उत्तरे बरोबर येतील. आपण उपदेश केला हे त्याला आठवणारही नाही, कारण त्याच्या स्मरणात तो संवाद आस्थेचा होता, आणि त्यात आस्था होतीही. दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात प्रश्न किती, उपदेश किती, समोरच्याच्या बोलण्याचे प्रतिबिंब किती आणि कोण किती वेळ बोलले, हे मोजणारा दुसरा माणूस असला तरच ही गोष्ट उघड होते. शिवाय प्रशिक्षणाची बहुतेक पुस्तके इंग्रजीत असल्याने प्रतिबिंबात्मक वाक्य मराठीत कसे बोलायचे, ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, ‘छातीत धडधडतं’ या शब्दांत सांगितलेले भय कसे ओळखायचे, हे शिकण्याची जागा प्रत्यक्ष संभाषणाखेरीज दुसरी नाही.

गोव्यातील उदाहरण

हे सर्व अमेरिकेतच शक्य आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्याचे उत्तर गोव्यात मिळते. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. नैराश्याने ग्रस्त रुग्णांना पुन्हा कृतिशील करण्याची सहा ते आठ सत्रांची पद्धती या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरली. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, केवळ सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

या यशाचे श्रेय उपचारपद्धतीला जसे जाते तसे प्रशिक्षणाच्या रचनेलाही द्यावे लागेल. सत्रांचे ध्वनिमुद्रण केले जाई आणि समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत व ठरावीक श्रेणीपट्टीवर एकमेकांच्या कामाला गुण देत. डेझी सिंगला व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात सहकाऱ्यांनी दिलेले हे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळू लागल्याचे दिसून आले. पर्यवेक्षक तज्ज्ञच असला पाहिजे, ही अट त्यामुळे सैल होते. तज्ज्ञ मुळात दुर्मिळ असलेल्या देशात ही बाब दुय्यम नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात दर लाखामागे ०.०५, तर केरळमध्ये १.२ आढळले होते.

अंतराच्या अडचणीवर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने वेगळा मार्ग काढला. न्यू मेक्सिको विद्यापीठातील संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये यकृतदाहाच्या उपचारांसाठी सुरू केलेली ‘एको’ ही दूरस्थ मार्गदर्शनाची पद्धती या संस्थेने व्यसनोपचार व मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारली. दूरच्या जिल्ह्यातील डॉक्टर आपला रुग्ण दृश्य-संवादातून मांडतो, त्यावर सर्वजण चर्चा करतात आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा येतो. येथे सत्राचे ध्वनिमुद्रण नसते, म्हणून ही पद्धती गोव्यातील प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. परंतु एका दिवसाच्या व्याख्यानापेक्षा ती पुष्कळच पुढे आहे.

अंमलबजावणीतील अडचणी

सर्वांत गंभीर अडचण गोपनीयतेची आहे. २०१७ च्या कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. त्यामुळे ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार व केव्हा पुसणार हे सांगून घेतलेली लेखी संमती अनिवार्य ठरते, आणि नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही याची हमीही द्यावी लागते. लहान गावातील महाविद्यालयात आवाज ओळखला जाण्याची शक्यता खरी असते. तेथे सहकाऱ्याने विद्यार्थ्याची भूमिका करून घेतलेले सराव-संभाषण हा सुरक्षित पर्याय होय, जरी त्यात प्रत्यक्षातील ताण पूर्णपणे उतरत नाही.

दुसरी अडचण आपल्या संस्थात्मक संस्कृतीतून आलेली आहे. पर्यवेक्षण हे कनिष्ठांसाठी असते आणि ज्येष्ठांनी ते करायचे असते, अशी धारणा दृढ आहे. वर उल्लेखिलेले पुरावे पाहता वीस वर्षांच्या अनुभवी व्यक्तीलाच त्याची अधिक गरज असू शकते. पण स्वतःचे संभाषण कनिष्ठ सहकाऱ्यासमोर ऐकवण्यास तयार होणारे विभागप्रमुख विरळाच.

खर्चाचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. एका भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण होते. वेळेचे मात्र मोल द्यावे लागते, आणि महाविद्यालयांचा प्रत्यक्ष संबंध येथे येतो. समुपदेशकाची नेमणूक पुष्कळदा तासिका तत्त्वावर किंवा अल्प मानधनावर होते व त्याचे तास केवळ भेटलेल्या विद्यार्थ्यांवरून मोजले जातात. ध्वनिमुद्रण ऐकण्याचा, शेजारच्या महाविद्यालयातील समुपदेशकासोबत बसण्याचा महिन्यातील दोन तासांचा वेळ त्या मोजणीत बसत नाही, म्हणून तो काढलाच जात नाही. एखाद्या तालुक्यातील चार-पाच महाविद्यालयांनी एकत्र येऊन असा गट चालवणे व त्यासाठी मानसशास्त्र विभागाची खोली देणे यासाठी कोणत्याही परिषदेच्या परवानगीची आवश्यकता नाही. नेमणूकपत्रात मात्र या दोन तासांचा उल्लेख मानधनासह असावा लागेल.