नळीच्या भिंतीपासून दूर : प्रवाहातील बहुवारिकांचे स्थलांतर

दिल्लीच्या करोल बागेत राहून परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना अजमल खान मार्गावरची गर्दी परिचित असेल. मधला लोंढा पुढे सरकतो, दुकानांच्या कडेची माणसे रेंगाळतात. नळीतील द्रवाचा वेगही असाच मध्यभागी सर्वाधिक व भिंतीशी शून्य असतो. या द्रवात बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर, विरघळलेले असेल तर त्याचे रेणू सर्वत्र सारखे विखुरलेले राहत नाहीत. ते भिंतीपासून दूर सरकतात.

बहुवारिकाचा रेणू ही हजारो दुव्यांची लवचीक साखळी होय. स्थिर द्रावणात तिची सैल गुंडाळी झालेली असते. भिंतीजवळ लगतच्या थरांच्या वेगांत मोठी तफावत असल्याने ती ताणली जाते. ताणामुळे एंट्रॉपी घटते, म्हणून रेणू कमी ताणाच्या मध्यभागाकडे जातो, असे स्पष्टीकरण पूर्वी दिले जाई. ते आकर्षक आहे, पण अपुरे. होंगबो मा व मायकेल ग्रॅहम यांनी 2005 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार ताणलेली साखळी आखडू पाहताना भोवतीचा द्रव ओढते. भिंतीच्या सान्निध्यामुळे या ओढीचा प्रवाह असममित होतो आणि रेणूलाच भिंतीपासून दूर लोटतो.

या विषयाचा विस्तृत आढावा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अगरवाल, दत्ता व रघुनाथ माशेलकर यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात अभियांत्रिकी परिणामांचाही विचार होता, आणि ते परिणाम किरकोळ नाहीत. भिंतीलगतचा थर विरळ झाला की द्रावण जणू घसरत वाहते. परिणामी अरुंद नळीत मोजलेली श्यानता प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. उपकरण निर्दोष असूनही उत्तर चुकते, हे प्रयोगशाळेत सहसा उशिरा ध्यानात येते.

स्थलांतरास लागणारा काळ मात्र नळीच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मोठ्या रेणूचा विसरण गुणांक सेकंदाला 10⁻¹² चौरस मीटर धरल्यास 1 मिलिमीटर रुंदी पार करण्यास सुमारे 11 दिवस लागतील. 10 मायक्रोमीटरसाठी अवघे 100 सेकंद. म्हणून रुंद नळात हा परिणाम बहुधा दिसतच नाही. तेलक्षेत्रात उरलेले तेल पुढे ढकलण्यासाठी पॉलिॲक्रिलामाइडचे द्रावण खडकात सोडतात. तेथील छिद्रे मायक्रोमीटरच्या मापाची असल्याने मोठे रेणू भिंतीलगतचा मंद थर टाळून सोबतच्या पाण्याच्याही आधी पुढे निघतात.