जुन्या ट्रॅक्सचं ऑइल

पाटण खोऱ्यातल्या ज्या वाड्यावस्त्यांवर एसटी मोजक्या वेळी येते, तिथला बाकीचा दिवस वडापचा, म्हणजे माणसं भरून धावणाऱ्या खाजगी गाड्यांचा असतो. जुनं वडाप म्हटलं की डोळ्यांपुढे येते टेम्पो ट्रॅक्स. संपादकांना या गाड्यांच्या आठवणी हव्या होत्या. त्यासाठी कराडकडच्या एका गॅरेजात गेलो आणि ऑइलच्या डब्यांपाशीच अडकलो.

इतिहास फार नाही. आजची फोर्स मोटर्स म्हणजे 1958 साली सुरू झालेली बजाज टेम्पो. आकुर्डीच्या या कंपनीने मर्सिडीझचं ओएम 616 हे डिझेल इंजिन परवान्यावर घेतलं आणि आधी मॅटाडोरला, मग ट्रॅक्सला बसवलं. जर्मनीत 1973 साली आलेल्या मर्सिडीझ 240 डी या मोटारीत हेच इंजिन होतं आणि तिकडच्या टॅक्सीवाल्यांचा त्यावर जीव होता. आपल्याकडे ते पंधरा-पंधरा माणसं आणि टपावर कोंबड्यांच्या डालग्या घेऊन घाट चढत राहिलं. चार सिलिंडर, 2399 सीसी, ताकद बेताची, पण चिवटपणा अफाट.

या इंजिनातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट बाहेरून दिसत नाही. डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जात नाही. हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटी कोठडी असते, तिला प्रीचेंबर म्हणतात. डिझेल आधी तिथे पेटतं आणि तो जाळ बारीक भोकांतून सिलिंडरमध्ये घुसतो. त्यामुळे इंजिनाचा ठोका मऊ येतो, पण काजळी धरते. ती सगळी काही सायलेन्सरमधून जात नाही. थोडी रिंगांच्या कडेने खाली, इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरते. म्हणून ट्रॅक्समध्ये नवं ऑइल भरून गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ऑइल मोजायची पट्टी काळी झालेली असते.

गिऱ्हाईक इथेच भांडायला येतं, असं तिथले मिस्त्री सांगत होते. ऑइल काळं पडलं म्हणजे फसवलं, असा समज. खरं उलटं आहे. ऑइलमधली रसायनं काजळीचे कण सुटे-सुटे तरंगत ठेवतात, म्हणून ते काळं दिसतं. डिझेल गाडीतलं ऑइल हजारो किलोमीटर सोनेरीच राहिलं, तर काजळी आत कुठेतरी थर धरून बसली असेल, अशी शंका घ्यावी. मिस्त्री पट्टीवरचा एक थेंब टीपकागदावर सोडतात आणि चहा होईपर्यंत कागद बाजूला ठेवतात. डाग एकसारखा करडा पसरला तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मधोमध काळा गोळा आणि भोवती कोरी कड दिसली, तर चेंबरचा नट खोलायची वेळ झाली. डागाला डिझेलचा वास आला तर ऑइल बदलून भागत नाही, आधी नोझल तपासावं लागतं. प्रयोगशाळेतल्या तपासणीची सर या डागाला नाही, पण नुसता रंग बघून ऑइल ठरवण्यापेक्षा ही रीत कितीतरी शहाणी.

आता डब्याकडे. आकडा सगळेच वाचतात. जुन्या गाडीला 20डब्ल्यू-40 जाड म्हणून चांगलं आणि 15डब्ल्यू-40 पातळ, असं ठामपणे सांगणारे जागोजागी भेटतात. पण ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला आहे. 15डब्ल्यूची परीक्षा उणे 20 अंशांवर होते, 20डब्ल्यूची उणे 15 वर. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की पेपरात फोटो येतो, एवढीच आपली थंडी. इंजिन तापल्यावर कामाला येतो शेवटचा 40, आणि तो दोन्हींत एकच. 100 अंशांना दोन्ही ऑइलांचा दाटपणा एकाच पट्ट्यात बसतो. म्हणजे वाद ज्या फरकावर चालतो, तो घाट चढताना उरतच नाही. पहाटे स्टार्टर मारताना 15डब्ल्यू थोडं लवकर वर पोचतं, हा उलट फायदाच.

खरी निवड आकड्याशेजारच्या अक्षरांत आहे, आणि ती कुणी वाचत नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या श्रेणींत ‘एस’ची अक्षरं पेट्रोलसाठी, ‘सी’ची डिझेलसाठी. मोटारसायकलच्या बाटलीवरही 20डब्ल्यू-40 असतं. आकडा जुळला म्हणून ते ट्रॅक्समध्ये ओतलं, तर एवढी काजळी पेलायची त्याची तयारी नसते. जुन्या डिझेल गाड्यांच्या पुस्तिकांत सीडी किंवा सीएफ सापडतं. त्या श्रेणी आता कालबाह्य झाल्या. 1998 मध्ये सीएच-4, 2002 मध्ये सीआय-4 आणि 2016 मध्ये सीके-4 आली.

श्रेणी वाढण्यामागे डिझेलही होतं. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. ते जळून इंजिनात आम्ल तयार होई आणि ते मारायला ऑइलमध्ये भरपूर अल्कली लागे. एप्रिल 2020 पासून गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 10 भाग आहे. सीके-4 मुख्यतः धुराला गाळणी लावलेल्या नव्या गाड्यांसाठी. ट्रॅक्सला ते बाधणार नाही, पण त्याचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ट्रकवाले वापरतात ते 15डब्ल्यू-40 सीआय-4 या गाडीला उत्तम, आणि ते हायवेवर कुठेही मिळतं.

एवढं सोपं असतं तर गॅरेजात गर्दी नसती. गाड्या झिजल्या आहेत. रिंगा ढिल्या, बोअर खाल्लेली, बॅक कॉम्प्रेशन इतकं की ऑइलचं झाकण काढताच धूर बाहेर येतो. मग कुणी 20डब्ल्यू-50 सुचवतं, कुणी ऑइल घट्ट करणारं औषध विकतं. धूर महिनाभर कमी दिसतो आणि तेवढ्यात गाडी दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सेकंडहँड ट्रॅक्स घेणाऱ्याने पट्टीवरचं ऑइल मधासारखं दाट दिसलं तर भाव करायच्या आधी झाकण काढून बघावं. झिजेवर इलाज हाफ इंजिनचं काम हाच, पण त्याचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. म्हणून मालक ऑइल वर टाकत राहतो, बदलत नाही. वर टाकल्याने पातळी भरते, जुनी काजळी आतच राहते.

त्याहून वाईट म्हणजे सुटं आणि बनावट ऑइल. नावाजलेल्या कंपनीचा रिकामा डबा भंगारात जातो आणि गाळलेलं जळकं ऑइल पोटात घेऊन पुन्हा दुकानात येतो. त्यावरची अक्षरं अगदी बरोबर असतात. अशा डब्यापुढे वरचा सगळा अभ्यास फुकट. म्हणून बिल घ्या, सील तपासा, ऑइलबरोबर फिल्टरही बदला, आणि रिकामा डबा टाकण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडा.